हळदीच्या अंगानं बदललेला पेट्रोलचा पाइप

हळद लागलेल्या नवरदेवानं मांडवाबाहेर पाऊल टाकू नये, असं आमच्या सोलापूरच्या भवानी पेठेत मानतात. मी पाऊल टाकलं नाही. मी पाठीवर सरपटत गेलो, तेही गाडीखाली. पुढं पंधरा वर्षं त्या जागेची माती पिवळी होती आणि पावसाळ्यात तिथून हळदीचं पाणी वाहायचं. पटत नसेल त्यानं जाऊन बघावं. आता तिथं दुकान झालंय, पण फरशी उचलली तर दिसेल.

दुष्काळ सरला होता आणि पेट्रोल नुकतंच महागलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. लोक सायकली तेलपाणी करून ठेवत होते, आणि सात रस्त्याच्या एका गॅरेजातला साधा मिस्त्री असलेला मी पेट्रोल पाण्यासारखं पिणारी गाडी बाळगून होतो. विलायती, दोनच सीटांची, वर छप्पर नाही, शर्यतीत पळायलाच जन्मलेली. गिरणीच्या एका गोऱ्या साहेबानं मायदेशी जाताना ती बंगल्यामागच्या शेडमध्ये टाकून दिली होती आणि तेव्हापासून तिच्यात कोंबड्या राहत होत्या. मी ती बैलगाडीला बांधून आणली तेव्हा दोन कोंबड्या सीट सोडायला तयार होईनात, त्यांनाही वरातीसारखं मिरवत घेऊन आलो. दीड वर्ष खपलो. इंजिन बांधलं, ब्रेक बांधले, रंग मारला. पहिल्यांदा अक्कलकोटच्या रस्त्यावर सोडली त्या दिवशी माझी सावली मागं राहिली, ती संध्याकाळी एकटी चालत घरी आली.

एक काम मात्र मी सोडलं होतं. त्या गाडीची टाकी मागं, सीटच्या पाठीशी, आणि इंजिन पुढं. टाकीपासून इंजिनापर्यंत गाडीच्या पोटाखालून पेट्रोलचा बारा फूट पाइप गेलेला. तो वरून दिसत नाही, म्हणून राहिला. लग्नाच्या दोन महिने आधी तो एका सांध्यातून पाझरायला लागला, तेव्हा मी पेठेतला इलाज केला. सांध्यावर अंगाचा साबण घासला आणि वरून सूत गुंडाळलं. आमच्याकडं घरोघरी माग, त्यामुळं सुतानं बरी होत नाही अशी वस्तूच पेठेत नव्हती. बोट कापलं, सूत बांधा. खाटेचा पाय हलतोय, सूत बांधा. पेट्रोल गळतंय, साबण लावा आणि सूत बांधा. गळती थांबली आणि मी ती विसरून गेलो.

मुलगी होटगीची. तिला वडील नव्हते, मामांनी वाढवलेली. मामा रेल्वेत फिटर, आणि भाची रेल्वेतच कोणाला तरी द्यावी असं त्यांच्या मनात पहिल्यापासून होतं. मुलीनं मलाच होय म्हटल्यामुळं त्यांचा इलाज चालला नाही. पण बैठकीत, सगळ्यांच्या देखत, त्यांनी मेख मारलीच.

"पोरगा बरा हाय," मामा म्हणाले. "पन ती गाडी म्हंजे चाकावरचा पेट्रोलचा डबा हाय. परण्या तिच्यातनं काडनार, वर माज्या भाचीला तिच्यात बसवनार म्हंता. बसवा की. फकस्त त्या दिवशी मी खाली वाकून बघनार. येक थेंब जरी दिसला, तर सातच्या पॅसेंजरनं वऱ्हाड माघारी."

अक्षतांच्या आधी नवरदेव वाजतगाजत देवाला जाऊन येतो, तो परण्या. लोक घोडा आणतात. मी म्हटलं होतं, घोडा आणायला मी काय लढाईला चाललोय, मी माझ्या गाडीतूनच जाणार. मामांना मी छाती काढून म्हणालो, "बघा की."

लग्नाच्या सकाळी मला हळद लावली, हातात कट्यार दिली, आणि मी मांडवात बसल्या बसल्या वास आला. आमच्या मांडवात त्या वेळी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, शिजत होती, झेंडूचे ढीग होते, दोनशे पाहुणे घाम गाळत होते. त्या सगळ्यातून मला एका थेंबाचा वास आला. आचाऱ्याच्या तीन चुली धडधडत होत्या आणि त्यांच्यापासून वीस पावलांवर माझी गाडी हार घालून उभी होती.

मी पाठीवर सरपटत गाडीखाली गेलो. सूत ओलं गच्च झालं होतं आणि त्याच्या टोकाला थेंब लोंबत होता. पाइपाला नखानं जरा दाबलं तर बिस्किटासारखा पापुद्रा निघाला. सांधा एकटाच गेला नव्हता, बाराच्या बारा फूट कुजला होता.

गाडीच्या शेजारी दोन पाय येऊन उभे राहिले. ते गॅरेजच्या उस्तादांचे होते, बिडीचा वास त्यांच्याआधी पोचला.

"बिडी विझवा आधी," मी खालून म्हणालो.

त्यांनी ती विझवली आणि वाकून बघितलं. "अरे दूल्हे मियाँ, इसमें क्या है? नवा साबुन मार, नवा धागा लपेट. तीन घंटे आराम से निकल जाते."

"आणि चौथ्या तासाला?"

"चौथे घंटे तक तेरी शादी हो जाती ना रे."

तेवढ्यात माझी आत्या आली. घरात आई नसल्यामुळं लग्नाचा सगळा कारभार तिच्या हातात होता, आणि चिडली की ती कानडीवर जायची. "ब्याडप्पा, ब्याड," ती म्हणाली, म्हणजे नको रे बाबा, नको. "हळदीच्या अंगानं भाईर कशाला आलास? हातात लोखंड तरी धर."

"धरलंय की," मी पाना वर करून दाखवला. "कट्यार काय, पाना काय, दोन्ही लोखंडच."

"उस्ताद म्हंत्यात तसं कर. साबन लाव आन् मोकळा हो. कोन बघतंय खाली?"

खरं सांगायचं तर कोणीच बघितलं नसतं. मामा वाकले असते, तर नव्या साबणाचा गोळा कोरडा दिसला असता. सगळे खूश झाले असते. पण माझ्या डोळ्यांपुढं ती सीट होती. तिच्या पाठीला आणि टाकीला मधे एक वीतसुद्धा अंतर नाही. आणि परण्याच्या पुढं लावायला फटाक्यांच्या पाच माळा माझ्याच चुलतभावांनी आणून ठेवल्या होत्या.

मी ते सूत सोडलं आणि आत्यापुढं धरलं. ती सकाळपासून दिव्यांसाठी कापूस वळत होती, आणि माझ्याशी बोलायला गाडीशेजारी बसली तेव्हाही तिच्या मांडीवर ढीग होता.

"आत्या, हे काय हाय?"

"सूत."

"आन् तू वळतीस ते?"

आत्यानं स्वतःच्या हाताकडं बघितलं. "वात."

"मग हीबी वातच की. तेलाच्या जागी पेट्रोल पिऊन बसलीया."

आत्या मांडीवरचा कापूस झटकून उठली, सरळ आचाऱ्याकडं गेली आणि चुलींवर घागरी ओतल्या. अर्धी कच्ची हुग्गी खाऊन दोनशे माणसं त्या दिवशी काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही. मग ती गल्लीच्या तोंडाशी पाट टाकून बसली आणि येणाऱ्या प्रत्येकाचे खिसे तपासू लागली. तिनं त्या दुपारी जप्त केलेल्या बिड्यांवर पुढं वर्षभर घराचा बंब तापला. बँडवाल्यांची काड्यापेटी घेतली, लग्न लावायला आलेल्या स्वामींचा कापूर घेतला, आणि फटाक्यांच्या पाचही माळा पाण्याच्या बादलीत बुडवल्या.

मी आधी बॅटरीची तार काढली. मग चुलतभावांनी गाडी ढकलत देवळामागच्या मोकळ्या जागेत नेली आणि मी तिच्याखाली पाठीवर सरपटत गेलो. टाकी पत्र्याच्या डब्यात रिकामी केली, डब्याला झाकण घट्ट लावलं, वर ओलं पोतं टाकलं आणि तो लांब सावलीत ठेवला. उस्ताद बडबडत सात रस्त्याला गेले आणि फ्रीज दुरुस्त करणाऱ्याकडून मऊ तांब्याचं वेटोळं, पेट्रोलची नवी रबरी नळी आणि पाइपाचं तोंड फुलवायचा साचा घेऊन आले. "तू पागल है," असं त्यांनी मला साचा देताना सांगितलं. मी हो म्हणालो.

नळ्या नव्या होत्या, पाइप नवा होता, पण नट जुनेच वापरायचे होते. त्या विलायती आट्यांचा नट सोलापुरात सोडा, पुण्यातही मिळाला नसता. मी ते घासून, पुसून पोत्यावर ओळीनं मांडले. जुना पाइप शेजारी ठेवून त्याच्यावर बेतून नवा वाकवला. सायलेन्सरपासून चार बोटं लांब ठेवला, पत्र्यातून जातो तिथं रबर घातलं, म्हणजे घासून फाटू नये. मग टोक साच्यात धरून फुलवलं. असं सुंदर फुललं की बघत राहावं, कण्हेरीचं फूल जसं.

"नवरदेव कुटं हाय?"

मामांचा आवाज. पाच वाजत आले होते. अक्षतांची वेळ पाचाची.

"हितं हाय," मी म्हणालो. गाडीखालून माझे पिवळे पाय बाहेर आले होते, ते त्यांना दिसलेच होते.

"मंजे गळत हुती."

"व्हय."

"मंग मी काय बोललो हुतो?"

"थेंब दिसला तर माघारी. तुमी बगा आता, दिसतोय का थेंब? टाकी रिकामी हाय. पाइप जोडतो, भरतो, मंग वाका. तवर मी काय उटनार न्हाय. मुहूर्त जाऊ दे."

"मुहूर्त जाऊ दे म्हंतो," मामा उस्तादांना म्हणाले.

"पागल है," उस्ताद म्हणाले.

मामा गुडघ्यावर बसले. नवं धोतर, नवा फेटा. त्यांनी माझ्या फुललेल्या पाइपाकडं बघितलं, मग पोत्यावरच्या नटांकडं बघितलं, आणि हसायला लागले. असं हसले की देवळावरची पाखरं उडाली.

"नट कुटं हाय, जावईबापू?"

मी बघितलं. नट पोत्यावर होता. पाइपाचं तोंड फुलवायच्या आधी त्यात नट ओवावा लागतो, नंतर तो वरून चढत नाही. हे मी शंभर जणांना शिकवलं होतं, आणि स्वतःच्या लग्नात विसरलो.

"होटगीला शिकाऊ पोरांना ह्याच्यासाठी आमी पैल्या दिवशीच कानफाडात देतो," मामा म्हणाले.

"द्या की."

"हळदीच्या अंगाला हात लावू का? काप ते तोंड. नट घाल. परत कर."

टोक कापलं, म्हणजे पाइप दोन बोटं आखूड झाला. नशिबानं इंजिनाच्या बाजूला, हादऱ्यासाठी, मी एक वळण सैल ठेवलं होतं. मामांनी ते हातानं अलगद ओढून दिलं. तोवर ते माझ्या शेजारी उताणे झोपले होते आणि धोतराचं काय झालं ते मी सांगत नाही. एका पान्यानं सांधा धरायचा, दुसऱ्यानं नट फिरवायचा. एक पाना माझ्या हातात, एक त्यांच्या.

सगळे सांधे झाल्यावर मामा म्हणाले, "साबन आना."

माझं डोकं फिरलं. "मामा, साबनच लावायचा हुता तर सकाळीच लावला नसता का मी?"

"गप ऱ्हावा. सायकलचा पंप बी आना."

त्यांनी पेल्यात साबणाचा फेस केला. इंजिनाकडचं टोक बंद केलं, टाकीकडच्या नळीला पंप लावून मला हवा मारायला लावली आणि प्रत्येक सांध्यावर बोटानं फेस थापत गेले. तिसऱ्या सांध्यावर एक बुडबुडा फुगला. हरभऱ्याएवढा. मला तो भोपळ्याएवढा दिसला.

"बगा," मामा म्हणाले. "साबन बुजवायला न्हाय, हुडकायला असतो."

नट अर्धा आटा फिरवला. परत हवा, परत फेस. काही नाही.

इकडं स्वामी दोनदा घड्याळ दाखवून गेले होते. मुहूर्त कधीच टळला होता. आत्यानं गल्लीच्या तोंडाशी बसूनच त्यांना ठणकावलं, "दिवस बुडायच्या आत दुसरा काढा. पंचांग काय येकाच मुहूर्तावर छापत्यात का?" स्वामींनी पंचांग उघडलं. सापडला.

टाकीची नळी जोडली, पट्टी आवळली, पेट्रोल भरलं, सांडलेलं पुसलं, वास जाईतो थांबलो आणि सगळ्यात शेवटी बॅटरीची तार लावली. त्या गाडीचा पंप विजेवरचा. किल्ली फिरवली की टिकटिक करतो, पाइप भरला की आपोआप गप्प होतो. कुठं गळत असेल तर गप्प होत नाही. मी हे मोठ्यानं सांगितलं आणि बँडवाल्यांनी तोंडातल्या पिपाण्या खाली घेतल्या.

किल्ली फिरवली. टिक टिक टिक. वऱ्हाडातल्या बायका मुलीला घेऊन देवळाच्या पायरीवर येऊन उभ्या होत्या. टिक टिक. मामांनी फेट्याचा शेमला हातात घेतला. टिक. टिक.

गप्प.

मामा गाडीखाली गेले. शेमला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाइपावरून फिरवला, बाहेर आले, आधी डोळ्यांपाशी धरला, मग नाकाशी. सातची पॅसेंजर त्या शेमल्यावर उभी होती.

"कोरडा हाय," ते म्हणाले, आणि कोणी काही बोलायच्या आत धोतर सावरून गाडीच्या मागच्या बाजूला, बरोबर टाकीवर, चढून बसले. "मी हितंच बसनार. परण्यालाबी आन् भाची बसंल तवाबी. चला."

परण्या तसाच निघाला, बिनफटाक्यांचा. अक्षता पडल्या तेव्हा उन्हं देवळाच्या कळसावर होती. नवरी गाडीत येऊन बसली, मागं वळून मामांकडं बघितलं, मग माझ्या काळ्या नखांकडं.

"हळू घ्या," मामा मागून म्हणाले.

"जोरात घ्या की," ती म्हणाली, माझ्यापुरतंच.

त्या दिवसभरात मी कोणाचं ऐकलं नव्हतं. आत्याचं नाही, उस्तादांचं नाही, पंचांगाचं नाही. हे मात्र ऐकलं. मामांचा उडालेला फेटा होटगीच्या रेल्वे सिग्नलला सापडला, तिसऱ्या दिवशी.