मागंपुढं होणारे ठोके

निम्म्या लोकांची वाचा गेलेल्या वॉर्डात किस्से साठतातच कसे, असं मला अजून लोक विचारतात. अहो, बोलणारी माणसं खाटेभोवती असतात ना! पक्षाघाताच्या वॉर्डात मी फिजिओथेरपिस्ट होते. तेव्हा औरंगाबादच्या एमआयडीसीत रोज नवी शेड उभी राहायची आणि क्रांती चौकात विद्यापीठाच्या नामांतराचे मोर्चे निघायचे. दोन्हीकडची माणसं आमच्याकडे यायची. त्यातलेच हे, एकट्या साहेबरावच्या खाटेभोवतीचे.

* * *

साहेबराव कन्नडकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. कारखान्यात प्रेस चालवायचा. उजवा हात-पाय लुळा पडलेला, तोंडातून शब्द नाही. शेजारच्या प्रेसवरचा दोस्त भीमराव त्याला घेऊन आला होता. मी हळू आवाजात त्याला सांगितलं, स्ट्रोक झालाय.

तो गोंधळला. "स्ट्रोक? मॅडम, दिवसाला हजारानं मारतो की त्यो!"

प्रेसच्या प्रत्येक दणक्याला स्ट्रोक म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं.

* * *

आमच्या सरांना, म्हणजे वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरांना, एक वेड होतं. ईसीजीची पट्टी टेबलावर पसरायची आणि लेकीच्या कंपासपेटीतलं कर्कटक लावून दोन ठोक्यांमधलं अंतर मोजत बसायचं. श्वासाबरोबर ज्याचे ठोके जरा मागंपुढं होतात तो बहुधा लवकर सावरतो, ज्याचे घड्याळासारखे पडतात त्याची काळजी करावी, असं त्यांचं म्हणणं. खात्री नव्हे, अंदाज. बाकीचे डॉक्टर हसायचे. मीही हसायचे.

साहेबरावची पट्टी बघून सर पुटपुटले, "ठोके अगदी एकसारखे आहेत."

त्याच्या मेहुण्यानं, दत्तूनं, ते ऐकलं. तासाभरात पेढ्यांचा पुडा आला! सगळा वॉर्ड तोंड गोड करून मोकळा. दत्तूनं सरांच्याही हातावर पेढा ठेवला. सरांनी मुकाट्यानं खाल्ला.

* * *

काही आठवडे गेले. पट्टीवरचे ठोके श्वासाबरोबर हलायला लागले आणि सर खूश झाले. साहेबरावच्या बायकोला, कौसाला, त्यांनी हसत सांगितलं की ठोके आता मागंपुढं होतायत.

कौसा मटकन खाली बसली. "मंग आता काय ऱ्हायलं माझं?"

तिची समजूत घालता घालता माझी पुरेवाट झाली. भीमरावला तर ते पटलंच नाही. "सर, आमच्याकडं असा माल रिजेक्ट करतेत."

"म्हणूनच मी तुमच्याकडं नोकरीला नाही," सर म्हणाले.

* * *

हा बोलणार, असं सरांनी छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. साहेबराव काठी धरून चार पावलं टाकायला लागला, पण शब्द काही फुटेना. कौसा रोज त्याच्या तोंडाकडं बघत बसायची. मला तिची फार कीव यायची. सरांचा अंदाज चुकला तर तिच्याशी काय बोलायचं, हे मला सुचत नव्हतं.

त्यात खाटेच्या दोन्ही बाजूंना भांडण. भीमराव नामांतरवाला, दत्तू कट्टर विरोधक. एक भात भरवायचा, दुसरा पाय चोळायचा, आणि मधे पडलेल्या साहेबरावच्या अंगावरून विद्यापीठाच्या नावाचा वाद चालायचा. बंदच्या दिवशी दोघंही पायी आले, एकाच डब्यातलं जेवले आणि पुन्हा सुरू झाले. साहेबराव नुसता टकामका बघायचा.

* * *

एके सकाळी पुण्याहून नवीन आलेली डॉक्टर मुलगी त्याची वाचा तपासायला बसली. तुमचं नाव काय? गप्प. गाव कोणतं? गप्प. बिचारीला इथलं वारं कुठं ठाऊक! तिनं सरळ विचारलं, "बरं, इथल्या विद्यापीठाचं नाव सांगा."

दत्तू उठून उभा राहिला. भीमरावही उठला. सर दारातच थांबले. कौसानं पदर तोंडाशी धरला.

साहेबरावचे ओठ हलले. त्यानं दत्तूकडं बघितलं, मग भीमरावकडं बघितलं, आणि डॉक्टरणीला हळूच विचारलं,

"नवं सांगू... का जुनं?"