पहिल्या मोहरमची हजेरी

गफ्फार मास्तरांना नव्या वर्षाचं मुबारक म्हटलेलं चालायचं नाही. "मुबारक कायचं? पयले हजेरी द्या," म्हणायचे, आणि समोरच्याचा पुढे केलेला हात तसाच राहायचा. बार्शीटाकळीच्या आमच्या मोहल्ल्यात मोहरमच्या पहिल्या तारखेला, म्हणजे नव्या सालाच्या दिवशी, दुपारनंतरची असरची नमाज झाली की ते शाळेतलं जुनं हजेरीपुस्तक घेऊन आपल्या ओट्यावर बसायचे. त्यात शाळेत येणाऱ्यांची नावं नसत. सरत्या वर्षात ज्यांची शाळा सुटली, त्यांची असत. नाव घेतलं की त्या पोराच्या किंवा पोरीच्या बापानं उभं राहायचं, आणि मास्तर एकच शब्द विचारायचे, "काहून?" म्हणजे, का सुटली?

सगळी नोकरी त्यांनी उर्दू शाळेत मराठी शिकवण्यात घालवली. आम्ही घरात हिंदी-उर्दूची खिचडी बोलायचो, मास्तर मात्र सगळ्यांशी ठसक्यात वऱ्हाडी. लोक वैतागायचे, मागे नावं ठेवायचे, तरी हजेरीला यायचे. कारण जो यायचा नाही त्याच्या दुकानात मास्तर दुसऱ्या दिवशी जात आणि गिऱ्हाइकांसमोर विचारत.

माझं नाव वाचलं गेलं तेव्हा मोहरम हिवाळ्यात आला होता. दहावी होऊन मी घरी बसलेली. अब्बांचं गाद्या भरायचं दुकान होतं. ते ओट्यासमोर उभे राहिले, मी आत दाराच्या पडद्यामागे.

"कॉलेज अकोल्याले आहे, मास्तर. बशीनं एकटी पोरगी कशी पाठवू?"

"आपलं साल कायपासून मोजतेत, मालूम आहे?"

"पैगंबरांच्या हिजरतपासून."

"म्हन्जे घरदार सोडून निघाले तेथून. त्यायनं मक्का सोडलं, अन् तुह्यानं बार्शीटाकळी सुटत नाही."

लोक हसले. अब्बा हसले नाहीत, पण जूनमध्ये माझं नाव अकरावीला लागलं. पहिला महिनाभर मास्तर सकाळच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसून अकोल्याला आले. माझ्याशी एक शब्द बोलायचे नाहीत. स्टँडवर चहा प्यायचे आणि परतीच्या गाडीत बसायचे. आज मी त्यांच्याच शाळेत शिकवते ती त्या एका महिन्यामुळे, हे मी कोणालाही सांगते.

पुढचं मात्र मी कोणाला सांगितलेलं नाही.

शिफा ही मास्तरांची नात, माझ्या हाताखाली शिकलेली. अकरावी झाल्यावर तिच्या बापानं, सलीमनं, तिचं कॉलेज बंद केलं आणि चांदूर रेल्वेचं स्थळ पक्कं केलं. अठरा पूर्ण व्हायला तिला सात महिने बाकी होते. मास्तरांना हे ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. चाची, म्हणजे त्यांची बायको, गेल्यापासून मास्तर मुलाच्या घरात दबून असत, सुनेकडे पाणी मागायलाही संकोचत. मला वाटलं, या साली ते ओट्यावर बसणारच नाहीत.

बसले. चार नावं घेतली, चार बाप उठले. मग पान उलटून म्हणाले, "शिफा सलीम."

सलीम आलेला नव्हता. तेव्हा मास्तर खांबाला धरून स्वतःच उभे राहिले. आता त्यांना विचारणार कोण? शेवटी माझे अब्बाच खालच्या आवाजात म्हणाले, "काहून, मास्तर?"

"भेलो," मास्तर म्हणाले. "पोराले भेलो. म्हातारपनी घराबाहेर काढलं तं कुठं जाऊ, म्हनून चूप बसलो. तुमी कोनी तरी बोला त्याच्यासंगं. माह्यानं होत नाही."

आमच्याकडे मोहरमात लग्न करत नाहीत. म्हणजे अख्खा महिना हातात होता. ओट्यापाशी वीस-पंचवीस माणसं होती, सगळ्यांनी ऐकलं, आणि एकही सलीमकडे गेला नाही. दुसऱ्यांचं राहू द्या. मी मास्तरीण, मला कायदा पाठ. एक फोन केला असता तर लग्न थांबलं असतं. मोबाइल घेऊन तीनदा गच्चीवर गेले आणि तीनदा तशीच खाली आले. मोहल्ल्यात पोलीस आणले म्हणतील, रोज याच गल्लीतून शाळेत जायचंय, असं काय काय मनात येत राहिलं. महिना सरला. लग्नाची बिर्याणी मी खाल्ली. सांगताना लाज वाटते, पण खाल्ली.

त्यानंतर मास्तर ओट्यावर आले नाहीत. खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. मी गेले की न वळता विचारायचे, "कोनी गेलं होतं काय सलीमकडं?" लग्नाला महिने उलटले तरी तेच. नवं साल लागायच्या आधी ते गेले.

मयतीला शिफा आली. बायका उठून गेल्यावर तिनं कपाटावरून हजेरीपुस्तक काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. मला वाटलं, दादांची, म्हणजे आजोबांची, आठवण म्हणून देतेय.

"आपा, दादांनी माझं नाव घेतलं तवा तुमी सारे तिथंच होते ना?"

"होतो."

"मंग काहून?"

मास्तर निदान खांबाला धरून उभे राहिले होते. मला तेवढंही जमलं नाही.