सरळ आहे, काका

अमरावतीच्या ज्या स्नूकर क्लबात मी अकरा वर्षं जातोय, तिथे एक काका मार्कर होते. मार्कर म्हणजे गुण मोजणारा, टेबलाचं हिरवं कापड ब्रशने झाडणारा आणि आमच्यासारख्या कचेरीतून सुटून आलेल्या कारकुनांना काठी धरायला शिकवणारा माणूस. काका जिभेने तिखट होते. पहिल्याच दिवशी मी टेबलावर वाकलो तर म्हणाले, "काय बाप्पा, झोपून राहिला का?" मी तणतणत घरी गेलो आणि दुसऱ्या दिवशी मुकाट परत आलो. राग मला चटकन येतो आणि तितक्याच चटकन जातो. लाजेचं मात्र तसं नाही, हे मला पुढे कळलं.

काकांचा स्वतःचा क्यू, म्हणजे खेळायची काठी, होता. फिकट लाकडाचा, बुडाशी काळंभोर आबनूस. क्लबाच्या स्टँडवर तो त्यांनी कधी ठेवला नाही. स्टँडवरचे क्यू सगळे वाकडे, चिकट, शंभर हातांचे. आपल्या क्यूला ते महिन्यातून एकदा जवसाचं तेल लावत. घाण्यावरचं कच्चं तेल, आपण चटणीवर घेतो तेच. तीन थेंब घ्यायचे, तेही लाकडावर नाही, फडक्यावर. मग तळहाताने घासायचं, लाकूड गरम लागेपर्यंत. मग कोरड्या फडक्याने इतकं पुसायचं की तेल लावलं होतं की नाही याचीच शंका यावी. "लाकडाले तेल पाजाचं नसते, नुसता वास द्याचा असते," ते म्हणत. शेवटी एक डोळा मिटून, बुडापासून टोकापर्यंत नजर टाकून बघायचे. टेबलावर क्यू लोळवून सरळपणा तपासणाऱ्यांची ते टर उडवत. डोळा कशाला दिलाय मग, असा त्यांचा सवाल असे.

त्याच डोळ्यात, उजव्या, मोतीबिंदू झाला. डावाही मागोमाग होताच. पाडव्यानंतर ते ऑपरेशनसाठी अकोल्याला लेकीकडे निघाले आणि जाताना क्यू माझ्या हातात दिला. "क्लबात ठेवली तर कूलरच्या वलीनं मरन. तू ठेव. महिन्याले तेल लाव, बस." मी फुगलो. चारचौघांना सांगितलं, काकांनी क्यू माझ्याकडे दिलाय म्हणून.

आणि विसरलो. कचेरीत कामाचा ढीग होता, मग मुलीची परीक्षा, मग लग्नसराई. कारणांची मला कधी ददात पडत नाही, सरकारी नोकरीत एवढं तर कमावलंच आहे. क्यू दीड महिना कपाटामागे धूळ खात उभा राहिला. मे महिन्यात काकांचा फोन आला, "परवा येतो. बुद्धपौर्णिमेले मी अमरावतीतच पाह्यजे." मी कपाटामागून क्यू काढला तर लाकूड कोरडं ठणठणीत, हाताला खरखरीत लागणारं.

इथे मला घरचं शहाणपण आठवलं. माझे आजोबा आखाड्यातले. आमच्याकडे लाठी तेल पिऊनच तयार व्हायची. उन्हाळ्यात तिला भरपूर तेल चोपडायचं, गच्चीवर तापवायची, तेल जिरलं की पुन्हा चोपडायचं. माझ्या वडिलांनी मला हे लहानपणी दाखवलं होतं आणि ती लाठी अजूनही आमच्या दाराआड आहे, घण मारला तरी मोडायची नाही. लाकूड ते लाकूड, असं मी म्हटलं. अर्धी वाटी जवसाचं तेल क्यूला पाजलं, गच्चीवर दोन विटा ठेवल्या, दोन टोकं दोन विटांवर टेकवली आणि कचेरीत निघून गेलो. बांबू आणि हे लाकूड यांत फरक असतो, एवढं मला कळायला हवं होतं. काकांनी तर शब्दांत सांगितलं होतं. पण माझं डोकं त्या दिवशी फक्त चकाकीवर होतं.

संध्याकाळी एक डोळा मिटून पाहिलं. टोकापासून हातभर अंतरावर क्यू डावीकडे वळला होता. रात्रभर गव्हाच्या कोठीखाली दाबून ठेवला. काही फरक पडला नाही.

काका क्लबात आले, नवा काळा चष्मा लावून, खुशीत. चष्मा काढला आणि पहिलं काम क्यू हातात घेतला. चकाकत होता मेला. त्यांनी उजवा, ऑपरेशनचा डोळा लावला आणि खूप वेळ पाहत राहिले. मग डोळा चोळला. पुन्हा पाहिलं.

"मले वाकडी दिसून राहिली रे," ते म्हणाले. "तू पाय बरं. सरळ हाये नं?"

त्यांनी क्यू माझ्याकडे दिला. मी एक डोळा मिटला, जसं त्यांनीच शिकवलं होतं तसं, आणि बघायचं सोंग केलं. 'वाकडा आहे', दोनच शब्द बोलायचे होते. तिखट जिभेच्या त्या माणसाला मी घाबरलो, आणि आजूबाजूला चौघे उभे होते, त्यांना जास्त घाबरलो.

"सरळ आहे, काका," मी म्हणालो.

त्यांनी वाद घातला नाही, हे फार वाईट झालं. एरवी गुणावरून सभासदांशी हमरीतुमरीवर येणारा माणूस. पण माझी नजर त्यांनीच तयार केली होती, तिच्यावर त्यांचा विश्वास होता. स्टँडवरचे क्यू घेऊन पाहिले, ते तर मुळातच वाकडे, तेही वाकडेच दिसले. "डोया गेला," ते इतकंच बोलले. पंधरा दिवसांत त्यांनी काम सोडलं. डोळा बिघडलेल्या मार्करने टेबलाशी कशाला उभं राहायचं, म्हणाले. अकोल्याला कायमचे गेले आणि जाताना क्यू मला देऊन गेले. "तुले तरी सरळ दिसते."

त्यानंतर मी दर दोन-तीन आठवड्यांनी रविवारी अकोल्याला जाऊ लागलो. गिला वडा, आमच्याकडचा दह्यात भिजवलेला, बांधून न्यायचा, बडनेरा सोडेस्तोवर त्याचं दही पिशवीत सांडायचं, तरी न्यायचा. दर वेळी ठरवून जायचो की आज सांगायचं. दर वेळी काका दारापाशी खुर्ची टाकून बसलेले असत आणि मी पावसापाण्याच्या गप्पा मारून परत येई. त्यांची लेक मला म्हणे, "भाऊ, तुमच्यासारखं कोनी येत नाई." हे ऐकून मी मान खाली घालायचो आणि तिला वाटायचं, माणूस किती नम्र आहे. मी नम्र नव्हतो, मी चोर होतो.

सप्टेंबरात तिचा फोन आला. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती आणि काका जायला तयार नव्हते. "डॉक्टर म्हणते पहिला डोया चांगला हाये. पन बाबा आयकत नाई. म्हणते, मले काठी वाकडी दिसली, तो सांगते सरळ होती, मंग डॉक्टर खोटं बोलून राहिला. भाऊ, तुमी समजावा नं."

त्या दिवशी मी रजा टाकली आणि क्यू घेऊन अकोल्याची गाडी धरली. काका खुर्चीतच होते. लेक आत भांडी घासत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, तेल, विटा, ऊन, क्लबातलं ते वाक्य. शिव्या खायची माझी तयारी होती. खरं म्हणजे मला त्या हव्याच होत्या.

काकांनी क्यू घेतला, उजवा डोळा लावला आणि टोकापासून हातभर मागे बोट ठेवलं. "इथून?"

"हो."

"डावीकडे?"

"हो, काका."

ते उठले. चेहरा असा फुलला की मला बघवेना. "आयकलं का वो!" त्यांनी आत हाक मारली. "डोया बरोबर सांगून राहिला होता! काठीच वाकडी हाये!" क्यू त्यांनी माझ्या हातात कोंबला, पायांत चपला सरकवल्या. "बस तू. दूध संपलं असन. चहासाठी घेऊन येतो." आणि निघालेही.

मला एकही शिवी मिळाली नाही. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं, स्वतःच्या डोळ्याकडे होतं.

लेक ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. समोरचा रस्ता रहदारीचा, ऑटो, ट्रक, मोटारसायकली. काका कडेला थांबले, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि ताठ मानेने एकटे पलीकडे गेले. तिने सगळं ऐकलं होतं.

"चार महिने झाले," ती रस्त्याकडे बघतच म्हणाली, "मी हात धरल्याबिगर त्यायनं हा रस्ता ओलांडला नाई."

काका दूध घेऊन आले, तिने चहा टाकला आणि पहिला कप मला दिला. मी तो प्यालो. नको म्हणायला माझ्यापाशी तोंड नव्हतं.