हलालशेठचा उजवा हात

आमच्या ह्यांना कारखान्यात सगळे हलालशेठ म्हणतात. बिजागऱ्यांच्या कारखान्यात प्रेस मशीनवर उभी हयात गेली, पण विमा एजंट दारात आला की त्याला चहा पाजून वाटेला लावायचे. व्याज नको आणि नशिबावर पैज लावल्यासारखा सौदाही नको, हे त्यांचं कायमचं ठरलेलं. पगाराच्या खात्यात बँक व्याज टाकायचीच. ते घरात वापरायचं नाही आणि देताना पुण्याचीही आशा धरायची नाही, म्हणून ते सगळं गल्लीतल्या सार्वजनिक संडासाच्या दुरुस्तीला जायचं. माझ्या स्वयंपाकघरातली फरशी फुटलेली आणि तिकडे मात्र नव्याकोऱ्या टाइल्स! मी टोमणे मारायचे, पण खरं सांगू, मनातून मला त्यांचा अभिमानच वाटायचा.

मग एक दिवस त्यांचा उजवा हात प्रेसखाली आला. पहिल्या ऑपरेशननं बोटं वाचली, पण वळेनात. साधा पेला धरता येईना. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की दुसरं ऑपरेशन लवकर झालं तर हात कामाचा राहील, उशीर झाला तर आशा सोडा. आमच्याकडे तेवढे पैसे कुठले? तेवढ्यात कारखान्याच्या सामुदायिक विम्याची रक्कम खात्यात आली. मला वाटलं, अल्लाहनं ऐकलं.

हे म्हणाले, विम्याचे पैसे आहेत, संडासाला देऊन टाक.

माझं डोकंच फिरलं. हात मशीनमध्ये गेला आणि त्याचे पैसे संडासात घालायचे? सासूबाई म्हणाल्या, याचा बापही असाच होता, एकदा धरलं की सोडायचा नाही. मी म्हटलं, धरायला हात तरी राहू दे आधी! घरात अबोला सुरू झाला. मी ताट वाढायचे, हे डाव्या हातानं चमच्याशी झटापट करायचे, आणि माझा जीव तुटायचा.

शेवटी मीच म्हटलं, चला, मशिदीतल्या मौलानांना विचारू, ते सांगतील ते दोघांनी निमूट ऐकायचं. तावातावानं बोलून बसले खरी, पण वाटेत मीच मागे मागे राहायला लागले. मौलाना नाही म्हणाले असते तर मी माझ्याच शब्दात अडकले असते.

मौलानांनी सगळं ऐकून घेतलं. विमा तुम्ही मागितला होता का, सही केली होती का, पगारातून हप्ता कापायचे का, असं एकेक विचारत गेले. ह्यांचं प्रत्येकाला उत्तर एकच, नाही. मालक सगळ्या कामगारांचा आपणहून भरतो.

"मग सौदा मालकाचा, त्याचा जाबही मालकालाच," मौलाना म्हणाले. "तुम्हाला कामावर इजा झाली, मालक तिची भरपाई देतोय. घ्या, आणि हात बरा करा."

यावर काही आलिम, म्हणजे धर्माचे जाणकार, जास्त कडक मत देतात, हेही त्यांनी लपवलं नाही. पण आपण शिकलो ते हेच आणि उद्या अल्लाहसमोर हेच सांगू, असं म्हणाले. ह्यांनी तरी एक शंका काढलीच, की पैसे आले ते विमा कंपनीकडूनच ना? मौलाना हसले. मालकानं द्यायला लावले म्हणून आले, म्हणाले.

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. बाहेर येऊन हे पायरीवर बसले, एका हातानं चप्पल चढवायला लागले. मी वाकले तर त्यांचे डोळे भरून आलेले. लग्न झाल्यापासून मी या माणसाला रडताना पाहिलं नव्हतं.

"मला ते पैसे फार हवे होते गं," ते म्हणाले. "इतके हवे होते, की घ्यावेत असं वाटलं तरी तो माझा लोभच बोलतोय असं वाटायचं."

आणि मी इतके दिवस त्यांना हटवादी म्हणत होते. मी त्यांच्याशेजारी टेकले, मलाही फार हवे होते म्हणून सांगितलं, आणि तिथूनच हॉस्पिटलला फोन लावला.