चाळीस पुस्तकं आणि दोन वेलांट्या

ती यादी माझ्याकडे छापायला आली होती, वाचायला नाही. पण आमच्या दुकानात छापायला आलेलं सगळं आधी वाचलं जातं, म्हणून मी वाचली. ग्राफिक डिझायनरांनी वाचायलाच हवीत अशी चाळीस पुस्तकं. मुंबईच्या एका स्टुडिओनं कर्जत रस्त्यावरच्या फार्महाउसवर तीन दिवसांचं शिबिर ठेवलं होतं. येणाऱ्यांच्या हातात द्यायला ही यादी जाड कागदावर हवी होती आणि फाटकावर लावायला एक कापडी बॅनर. फार्महाउसच्या मॅनेजरनं आमचं दुकान सुचवलं, कारण त्यांची मेनूकार्डं, खोल्यांच्या पाट्या, पोहण्याच्या तलावावरच्या सूचना, सगळं आम्हीच करायचो.

चाळीसच्या चाळीस पुस्तकं इंग्रजी. मी दोनदा पाहिलं. मराठी एक नाही, हिंदी एक नाही, आपल्या अक्षरांबद्दल निदान इंग्रजीतून लिहिलेलं, तेही नाही. मी इतकी वर्षं देवनागरी अक्षरं लावते आहे आणि ह्या यादीच्या हिशेबानं मी अजून काही वाचलेलंच नव्हतं. राग आला. पण यादीत छपाईची चूक नव्हती, त्यामुळे गपचूप छापली. चूक बॅनरमध्ये होती.

आमचं दुकान चौकला, जुन्या हायवेवर. एका बाजूला गॅरेज, दुसऱ्या बाजूला ढाबा. लग्नपत्रिका, पुण्यानुमोदनाची कार्डं, ग्रामपंचायतीच्या नोटिसा, वाढदिवसाचे फ्लेक्स, हे आमचं काम. मी कॉम्प्युटरवर बसते आणि आई दाराशी खुर्ची टाकून बसते. लोकांना वाटतं, आई वेळ घालवायला येते. आई प्रूफं वाचते.

आई शाळेत गेलेली नाही. भातशेतीच्या गावात वाढली आणि लग्न होऊन मोहोपाड्याला आली. बाबा तिथल्या एका कारखान्यात कामाला होते. बुद्धविहारात साक्षरतेचा वर्ग सुरू झाला तेव्हा आई चाळिशीला टेकली होती आणि मी दहावीत होते. आम्ही दोघी एकाच चटईवर अभ्यासाला बसायचो. ती अजूनही अक्षर अक्षर लावून वाचते. बोट चालतं, ओठ हलतात. मला नुसता शब्दाचा आकार दिसला तरी पुरतो, बाकीचं डोळा मनानंच भरून घेतो. आईचा डोळा स्वतःचं काही घालत नाही. कागदावर जे आहे तेवढंच ती वाचते.

ह्याची किंमत मला एका चुकीनंतर कळली. दुकान टाकून वर्षही झालं नव्हतं. पुण्यानुमोदनाचं, म्हणजे वारलेल्या माणसाच्या कार्याचं, कार्ड करायचं होतं. कार्यक्रमाच्या गावासारख्याच नावाचं दुसरं गाव हायवेच्या पलीकडे आहे, दोघांत एका कान्याचा फरक. तो काना माझ्याकडून राहिला. आठवडा गेला आणि वारलेल्या माणसाची बायको दुकानात आली. तिनं कार्ड माझ्यापुढे ठेवलं, गावाच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “ह्ये वाच.”

मी वाचलं. खरं नाव वाचलं, कारण ते काय असायला हवं हे मला ठाऊक होतं.

“परत वाच.”

मी पुन्हा तेच वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना काना नाही हे दिसलं.

“माझी नणंद त्या गावाला उतरली,” ती म्हणाली. “भावाच्या कार्याला पोचली नाय.” एवढंच बोलली आणि कार्ड तिथंच ठेवून निघून गेली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला जरा बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून आई दुकानात यायला लागली. तिनं वाचल्याशिवाय एक कागद बाहेर जात नाही.

तर त्या बॅनरची फाइल आली, तिचं प्रूफ मी आईपुढे ठेवलं. वर मोठं इंग्रजी नाव, खाली त्याहून मोठी मराठी अक्षरं, मातीच्या रंगात. आई बोट लावून वाचत गेली. “अक्षर,” म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, “शबिरि. ही शबिरि कोण गं?”

मी उठून पाहिलं. मी ‘अक्षर शिबिर’ असंच वाचलं होतं. फाइल करताना सॉफ्टवेअरमध्ये मराठीची सोय चालू केलेली नव्हती, त्यामुळे दोन्ही वेलांट्या अक्षराच्या आधी यायच्या त्या नंतर जाऊन बसल्या होत्या. ‘श’ची वेलांटी ‘ब’वर आणि ‘ब’ची ‘र’वर. मराठी लावणाऱ्या माणसाला हा आजार पहिल्या आठवड्यात कळतो.

शिबिराची व्यवस्था बघणाऱ्या मुलीला मी फोन केला. ती नम्रपणे म्हणाली, “मॅडम, सरांनी आर्टवर्क फायनल केलंय. आहे तसंच प्रिंट करा.”

“अहो, पण शब्द चुकलाय.”

“चालेल. ते कोणी वाचत नाही.”

मी फोन ठेवला. मग वेलांट्या जागेवर आणल्या आणि फाइल छापायला पाठवली. गिऱ्हाइकाच्या फाइलला न विचारता हात लावायचा नाही, हा आमच्या धंद्यातला नियम मला माहीत होता. मी तो मोडला आणि मोडताना मला जराही वाईट वाटलं नाही.

शिबिराच्या पहिल्या दिवशी सकाळी मी आणि आई स्कूटीवरून माल द्यायला निघालो. पुढे पायाशी यादीचे गठ्ठे आणि मागे आई, बॅनरची गुंडाळी खांद्यावर तिरकी धरून. वाटेत दोनदा म्हणाली, “हळू चालव गं, बॅनर उडंल.” स्वतःबद्दल काही म्हणाली नाही.

व्हरांड्यात पंधराएक तरुण मुलं-मुली चहा घेत बसली होती. स्टुडिओचे सर, साधारण पन्नाशीचे, पुढे आले. बॅनर उलगडला आणि त्यांची नजर तिथंच अडकली.

“तुम्ही आर्टवर्क बदललंत?”

“शब्द चुकला होता. बरोबर केला.”

“मी मराठीच आहे,” ते म्हणाले, आणि खरंच त्यांचं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ होतं. “पण इथे मराठी टेक्श्चर म्हणून वापरलंय. जागेचा फील यावा म्हणून. ते लांबून बघायचं आहे, वाचायचं नाही.”

मी म्हटलं, “मग वरच्या इंग्रजी नावातली दोन अक्षरं इकडची तिकडे करा. तेही लांबूनच बघू.”

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. सरांचा चेहरा बदलला. आवाज मात्र त्यांनी चढवला नाही. “तुम्ही डिझाइनवरचं काय वाचलंय? तुम्हीच छापलेल्या ह्या यादीतलं एखादं तरी?”

“एकही नाही,” मी म्हटलं. “मी पत्रिका वाचते. एकेका पत्रिकेत साठ-सत्तर नावं असतात, त्यातलं एक खाली-वर झालं तर भावकी मोडते. लोक सातबारा घेऊन येतात आणि विचारतात, ह्यात माझं नाव कुठाय, तो वाचते. माझे बाबा कारखान्यात रसायनांची पिंपं हलवायचे. त्यावरची मराठी सूचना इतकी बारीक आणि तुटकी असायची की कामगार ती कधी वाचायचेच नाहीत, वासावरून ओळखायचे. तसला सूचनेचा एक कागद बाबांनी घरी आणला होता, तो मी शंभर वेळा वाचलाय. हे सगळं तुमच्या चाळीस पुस्तकांत असेल तर मला माहीत नाही. नसेल तर तुमची यादी अपुरी आहे.”

सर काही बोलायच्या आत आई पुढे झाली. तिनं बॅनरवर बोट ठेवलं. “साहेब, मी शाळेत गेले नाय. पन ह्ये मला वाचता येतं. तुमी पाठवलं होतं ते वाचता येत नव्हतं. मंग तुमी लावताय कुनासाठी?”

सर मागे वळले. व्यवस्थेच्या मुलीला म्हणाले, “हे ठेवून घे. आपण दुसरीकडून करून आणू.” मी म्हटलं, खुशाल आणा, चुकीचं माझ्याकडून छापून मिळणार नाही. आणि आम्ही निघालो.

त्यांनी खरंच दुसरीकडून करून आणलं. दुसऱ्या दिवशी फाटकावर ‘अक्षर शबिरि’ झळकत होतं. कर्जतकडे जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांनी ते पाहिलं. आमच्या शेजारच्या गॅरेजवाल्यानं येऊन विचारलं, “ताई, ह्ये तुमी केलं का?” मी नाही म्हटलं, तेव्हा तो म्हणाला, “तरीच.” हे ‘तरीच’ मला त्या आठवड्यात फार पुरलं. कारण फार्महाउसच्या मॅनेजरचा फोन आला होता की ह्यापुढे त्यांचं काम आमच्याकडे नको. आमच्या दुकानाला ते काम जाणं जड होतं. दोन दिवस मी स्वतःला विचारत होते की दोन वेलांट्यांसाठी एवढं ताणायला हवं होतं का. आईला विचारलं, तर ती म्हणाली, “माफी मागायची तर जा. मी बॅनर घेऊन मागं बसनार नाय.”

शिबिराच्या शेवटच्या दिवशी दुपारी त्या पंधरा जणांतली एक मुलगी रिक्षानं दुकानात आली. पंचविशीची असेल. उभ्या उभ्याच म्हणाली, “मी परवा हसले होते. मला मराठी अक्षरांचं काम शिकायचंय. पुस्तकं सांगाल का? पाच चालतील.”

मी म्हटलं, आधी वाचता येतं का बघू. घरात मराठी, शाळा इंग्रजी, त्यामुळे बोलायला फाडफाड आणि वाचायला अडखळत, असं तिनंच सांगितलं. आईनं तिला बाकावर बसवलं आणि हातात एका लग्नपत्रिकेचं प्रूफ दिलं. “मोठ्यानं वाच.”

ती वाचायला लागली. जोडाक्षराला थांबायची, ओठ हलवायची, मग पुढे सरकायची. ‘चि. सौ. कां.’ वाचून म्हणाली, “हे तिचं नाव आहे का?” आईला इतकं हसू आलं की तिला पाणी प्यावं लागलं. पण मुलगी उठली नाही. मामा, काका, आत्या, समस्त भावकी असं करत तासाभरानं ती शेवटच्या विनंतीपर्यंत पोचली आणि म्हणाली, “इथे ‘आपण’ दोनदा म्हणायची पद्धत आहे का?”

मी कागद ओढून घेतला. एका ओळीच्या शेवटी ‘आपण’ होतं आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला पुन्हा ‘आपण’. मी वाचलं होतं, आईनं वाचलं होतं, नवऱ्या मुलाच्या बापानं वाचून सही केली होती. आई ओळ संपली की दम घेते, तिथं ते निसटलं. आईनं चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं आणि त्या मुलीला म्हणाली, “तू रोज येत जा.”

रोज नाही, पण पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती महिन्यातून दोनदा येत राहिली. यादीतलं एक पुस्तक तिनंच मला आणून दिलं. मोबाइलवर शब्द शोधत शोधत मी ते तीन महिन्यांत संपवलं. चांगलं होतं. दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेबद्दल त्यात जे लिहिलं होतं, ते मी चाचपडत शिकले होते आणि आधी वाचलं असतं तर माझी काही वर्षं वाचली असती. वरच्या मात्रेला आणि खालच्या उकाराला जागा कुठून आणायची, ह्याबद्दल त्यात शब्दही नव्हता. ते तिला आम्हीच शिकवलं.

तिनं मागितलेली पाच नावं मी लिहून दिली ती अशी: सरकारी शाळेतलं पहिलीचं मराठीचं पुस्तक, चित्रांसकट. औषधाच्या खोक्यातला मराठी कागद. आजोबांचा सातबारा, नसेल तर शेजाऱ्यांच्या आजोबांचा. स्वतः छापलेलं काहीही, छापून महिना झाल्यावर. आणि उशिरा वाचायला शिकलेल्या माणसाच्या शेजारी बसून, तो वाचेल ते. पुढे तिनं आणलेलं ते इंग्रजी पुस्तक मी सहाव्या ओळीत घातलं. यादी मोठ्या अक्षरात छापून दुकानाच्या काचेवर लावली.

आता डिझाइन शिकणारी मुलं कधी कधी त्या यादीचा फोटो काढून नेतात. मध्यंतरी त्यांच्या एका शिक्षकांचा मला फोन आला. यादी विद्यार्थ्यांना द्यायची होती, पण त्यांना क्रम बदलून हवा होता. इंग्रजी पुस्तक पहिलं, आणखी काही नामांकित पुस्तकं त्याच्या खाली आणि आमचं बाकीचं शेवटी ‘स्थानिक संदर्भ’ ह्या मथळ्याखाली. म्हणजे यादीला वजन येईल, असं म्हणाले.

मी त्यांना सांगितलं की यादीत शुद्धलेखनाची चूक असेल तर दाखवा, आत्ता दुरुस्त करते. क्रम आहे तोच राहील.

“मग आम्हाला वापरता येणार नाही,” ते म्हणाले.

“नका वापरू,” मी म्हटलं, आणि फोन ठेवून आईसमोरचं प्रूफ उचललं.