तिसरा डाग

बनारसच्या एका इस्पितळात, रेकॉर्ड रूममध्ये मी कोडिंग करायचे. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलेल्या प्रत्येक तक्रारीला ठरलेला कोड द्यायचा. चालायला त्रास असेल तर एक, पेशंट वारंवार पडत असेल तर दुसरा. एखादी नवी मुलगी अंदाजाने काही भरू लागली की मी खेकसायचे, "कागज़ पे नहीं है, तो हुआ ही नहीं!"

मग बाबांची पावलं जमिनीला घासू लागली. अहिल्याबाई घाटावरची रोजची आंघोळ मात्र त्यांनी सोडली नाही. एकदा त्यांचं धोतर धुताना गुडघ्यापाशी रक्ताचा डाग दिसला. "पायरीला घासलं," म्हणाले. त्या महिन्यातला तो तिसरा डाग होता.

मी त्यांना आमच्याच इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "बाबूजी, कभी गिरे हैं?"

"एक बार भी नहीं," बाबा ताठ बसून म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. पडतात असं लिहिलं की पुढे कुठकुठले आजार निघतात, ते मला फायली वाचून पाठ होतं. मीही "नहीं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो केसपेपर माझ्याच टेबलावर आला. 'पडल्याची तक्रार नाही.' मी नियमाप्रमाणे फक्त चालण्याच्या त्रासाचा कोड भरला.

तेव्हापासून बाबा घाटावर गेले की मी दारात उभी राहायचे. ज्या घासत्या पावलांना मी इतकी घाबरले होते, तीच गल्लीत वाजावीत म्हणून कानांत प्राण आणून.