अक्काचा आखाडा

फोन भाचीचा होता, शकूचा. "मामा, आई गेली..." एवढंच ती बोलली. मी परभणीत घराच्या ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो. सवयीनं म्हणालो, "आखाड्यातच असंल, बघ की." पलीकडून रडू ऐकू आलं, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. असं कसं बोललो, याची लाज अजून जात नाही, पण गेली तीन वर्षं गंगाखेडला केव्हाही फोन लावा, अक्का कुठाय विचारलं की शकूचं उत्तर ठरलेलं असायचं, "आखाड्यात."

आमच्या भागात शेतातल्या ज्या छपराखाली जनावरं, अवजारं, कडबा ठेवतात त्याला आखाडा म्हणतात. अक्काचा आखाडा मात्र घराच्या परसात होता आणि जेमतेम दहा बाय आठचा. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांना शकूनं 'आई आखाड्यात आहे' म्हणून सांगितलं, तर ते गृहस्थ थक्क होऊन म्हणाले, "या वयात?" अक्का हसून हसून बेजार झाली होती.

अक्का माझी थोरली बहीण. उभी नोकरी तिनं नर्स म्हणून खेड्यापाड्यांत काढली, येलदरीपासून चुडाव्यापर्यंत. बाया तिला 'शिस्टर' म्हणायच्या. बाळंतपण सुखरूप झालं म्हणून कुणी साडीचोळी पुढं केली, तर ही म्हणायची, "ते राहू द्या, तुमच्या परसातलं बी द्या मूठभर." दोडका, अंबाडी, घेवडा... असं करत घर मडक्यांनी भरलं. सगळ्यांत जीव सासूकडून आलेल्या वाळकावर, म्हणजे गावरान काकडीवर. तसलं आंबूसगोड वाळूक मी तरी दुसरीकडं खाल्लं नाही. मागेल त्याला ती बी द्यायची, पण नेम एकच. एक मूठ न्यायची, दोन मुठी आणून द्यायच्या.

ती रिटायर झाली तेव्हा तिची खुरपी-कुदळी आणि बियांची मडकी ठेवायला मीच परसात पत्र्याचं शेड मारून दिलं. मोठ्या तोऱ्यात. मी गणिताचा मास्तर, मापात एक इंच चूक नव्हती. पण आमच्याकडचा मे महिना माझ्या हिशेबात नव्हता. त्या पत्र्याखाली पाय ठेववेना. पुढच्या पेरणीला निम्मं बी उगवलंच नाही, आणि वाळकाचा तर एक कोंब दिसला नाही. अक्का रोज वाफ्यापाशी बसून बोटानं माती उकरून बघायची. मला एका शब्दानं बोलली नाही, त्यामुळे मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. महिनाभरानं म्हणाली, "मातीचं बांधू. बी मातीतलंच हाय, त्याला मातीतच झोप लागंल."

मी सुट्टी काढल्यासारखा तिच्याकडं जाऊन राहिलो. नवं काही विकत आणायचं नाही, हा तिचा हट्ट. पाया पडक्या भिंतीच्या दगडांचा. खांबांच्या जागी मेढी, कडुनिंबाच्या वाळल्या फांद्यांच्या. भिंतींना तुराट्यांचा कूड, म्हणजे तुरीच्या काड्या बांधून केलेली ताटी, आणि त्यावर दोन्ही अंगांनी मातीचा गिलावा. छपराला उसाचं पाचट. गावाबाहेर तोडणी झाली की लोक ते पेटवून देतात; अक्का बांधावर उभी राहून ओरडायची, "जाळू नका रे बाबांनो, मला द्या!" माझा पत्रा तिनं खताच्या खड्ड्यावर झाकण म्हणून टाकला, आणि वर मला म्हणाली, "बघ, कामी आला का न्हाई?"

आता माझी दुसरी करामत. गिलाव्यासाठी मी आमच्या शेतातली काळी माती ट्रॉलीभर आणली. एवढी कसदार माती, भिंत लोखंडासारखी होणार, असं माझं गणित. भुसा, शेण घालून आम्ही ती पायांनी तुडवली, थापली, सारवली. आठ दिवसांत अशा भेगा पडल्या की करंगळी जावी. गल्लीतल्या गयाबाई, ज्यांचा जन्म भिंती लिंपण्यात गेला, त्या बघायला आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मास्तर, तुमी शाळेत काय शिकवत व्हता? काळीत पीक येतंय, भिंत न्हाई. पांढरी आणा." अक्का म्हणाली, "राहू द्या गयाबाई, त्येला शेताचा लय अभिमान हाय." सगळा गिलावा खरवडून वाफ्यांत टाकला. शेजारच्यांच्या पाडलेल्या घराची पांढरी माती आणली, पुन्हा तुडवली. या वेळी भिंत धरली. दार अक्कानं स्वतःच्या उंचीचं ठेवलं, त्यामुळे मी प्रत्येक वेळी डोकं आपटून घ्यायचो आणि आतून आवाज यायचा, "वाक रे, मास्तर..."

भिंतींत तिनं कोनाडे ठेवले, एकेका बियाला एकेक. भर उन्हाळ्यात आत गारवा. जगलंवाचलं बी उगवू लागलं. एक कोनाडा मात्र रिकामा, त्यात रिकामंच गाडगं. "वाळकाचा हाय," ती सांगायची. "कुणाला तरी दिलेलं हाय मी. येईल." जुन्या ओळखीच्या बायांना ती फोन लावून लावून विचारायची. मला तो कोनाडा बघवायचा नाही. ती गेली त्या दिवशीही तो रिकामाच होता.

दीड महिना झाला. गेल्या आठवड्यात मी गंगाखेडलाच होतो. सकाळी फाटकात एक बाई उभ्या, साठीच्या असतील, हातात फडक्याची गाठ. चुडाव्याहून आल्या होत्या. "शिस्टर कुठं हायेत?" त्यांनी विचारलं.

"आखाड्यात," मी म्हणालो.

तोंडातून निघून गेलं... त्या लगबगीनं परसाकडं गेल्यासुद्धा. मी मागोमाग गेलो. आत कुणी नाही बघून त्या वळल्या, तेव्हा सांगावं लागलं. त्या तिथंच भुईवर बसल्या. डोळे पुसून म्हणाल्या, "माझ्या लेकीच्या बाळंतपणात दिलं व्हतं त्यानी. आमी दर साली लावताव. शिस्टर वाळकाचं बी इचारायल्यात म्हणून परवा कळलं, तवा आले." रिकामं गाडगं मी त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी गाठ सोडली, मोजून दोन मुठी बी त्यात ओतलं. मग त्याच गाडग्यातली एक मूठ काढून माझ्यापुढं धरली. "तुमी लावा आता. नेम ठावं हाय ना?"

मी ओंजळ पुढं केली. आयुष्यात कधी वेल लावला नाही, पण गयाबाईंना विचारून लगेच इथंच परसात वाफा केला, भिंतीवरून खरवडलेल्या त्याच काळ्या मातीत. आज सकाळी तीन कोंब दिसले. मला दोन मुठी परत द्यायच्या आहेत, आखाड्यात.